इमान आणि प्रामाणिकपणा: एकच गुण की दोन?

आडवाट: कोशात हे एकमेकांचे अर्थ म्हणून सर्रास देतात. मला पटत नाही. इमान मूळ अरबी, ईमान म्हणजे श्रद्धा. अमानत, अमीन त्याच घराण्यातले. फारसीमार्गे दरबारात आला आणि धन्याच्या मिठाला चिकटला. म्हणून कुत्रा इमानी असतो. त्याला प्रामाणिक कुणी म्हणत नाही. साहेबाचा घोटाळा दाबणारा कारकून इमानीच, पण प्रामाणिक? इमान हा नोकराचा गुण आहे, एवढंच माझं म्हणणं.

मीठभाकर: 'ताई, इमानानं सांगते, खरेदीच तीसची आहे' म्हणणाऱ्या भाजीवालीचा धनी कोण हो? (खरेदी वीसची असते ते सोडा.) जुन्या पत्रव्यवहारात इमान म्हणजे शपथ, दिलेला शब्द. बेलभंडार उचलून बरोबरीचे सरदारही एकमेकांना शब्द देत. तिथे नोकर कुठला आला?

स्वभाषाभिमानी: मुळात हा परका शब्द हवाच कशाला? शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच?

इंदूरकर: त्या कोशाच्या काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत. हुद्दे बदलले, पण बेइमानाला लोक बेइमानच म्हणत राहिले. आणि तुमचं 'प्रामाणिक' संस्कृतात पुराव्याला धरून असलेल्या गोष्टीचं विशेषण. आमच्या इकडे हिंदीत आजही ग्रंथ प्रामाणिक असतो, माणूस ईमानदार.

सीमेवरचा: बेळगावात कन्नड बोलणारेही सचोटीच्या माणसाला प्रामाणिकच म्हणतात, गुजरातीतही तेच. मला वाटतं, ज्याचा शब्द प्रमाण मानावा तो प्रामाणिक, असा अर्थ सरकला असावा. तसं असेल तर आडवाट यांची भिंतच पडते, कारण दोन्हीकडे प्रश्न भरवशाचाच. 'इमानेइतबारे' मधला इतबार तरी दुसरं काय आहे?

आडवाट: भिंत शाबूत आहे. भरवसा कुणाचा, हाच तर माझा प्रश्न. माझ्या कारकुनावर साहेबाचा भरवसा आहे, जनतेचा नाही. त्याला काय म्हणाल?

मीठभाकर: मिंधा.

आडवाट: मिंधा कुणाचं तरी खाल्लेला असतो. याने दमडी घेतलेली नाही. साहेबाने अडचणीत कधीकाळी नोकरीला लावलं, म्हणून गप्प आहे.

मीठभाकर: मग नोकरी खाल्लीच की! पगार जनतेच्या खिशातून, आणि आभार साहेबाचे.