एसबीए-१५ वर टंगस्टन ऑक्साइड: इथिलीनऐवजी ईथरच येतोय

प्रश्न: इथेनॉलपासून इथिलीन करायला उत्प्रेरक बनवलाय: एसबीए-१५ वर (बारीक छिद्रांची सिलिका) टंगस्टन ऑक्साइड चढवलंय, इम्प्रेग्नेशन करून (द्रावणात भिजवून, वाळवून) ५५० अंश सेल्सिअसला भाजलं. आता २५० ला इथेनॉलची वाफ सोडतोय तर सगळा डायइथिल ईथरच, इथिलीन नावाला. शिवाय पावडर पिवळट दिसतेय. लोडिंग (ऑक्साइडचं प्रमाण) वाढवू का?

उत्तर १: लोडिंग राहू दे, आधी तापमान वाढव. कमी तापमानाला दोन रेणू मिळून एक पाणी सोडतात नि ईथर होतो, ३०० च्या वर गेलास की इथिलीनचं पारडं जड होतं.

उत्तर २: पिवळट म्हणजे ऑक्साइडचे गठ्ठे झालेत, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) २३-२४ अंशांपाशी पीक दिसतील बघ. सिलिका ऑक्साइडला घट्ट धरून ठेवत नाही, आणि गठ्ठ्याच्या आतलं टंगस्टन अल्कोहोलला भेटतच नाही, म्हणजे लोडिंग वाढवून नुसता माल वाया. मी एकदा घाईत ओव्हन चढवला होता, बशीच्या कडेला पिवळी खरपुडी आणि मधे पांढरंफटक! हळू वाळव.

उत्तर ३: अल्कोहोलमधून पाणी काढते ती उत्प्रेरकाची आम्लता, तीही तपासा. पण अमोनिया टीपीडीवर (अमोनिया चिकटवून, तापवून किती सुटतो ते मोजणं) विसंबू नका, ती आम्लता किती ते सांगते, कुठली ते नाही. पिरिडीन लावून आयआर (अवरक्त वर्णपट) घ्या, १५४५ सेमी⁻¹ ला ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी), १४५० ला लुईस (इलेक्ट्रॉन-जोडी घेणारी).

प्रश्नकर्ता: ३५० ला ईथर जवळपास गायब! पण बेड (उत्प्रेरकाचा थर) काळा पडलाय.

उत्तर १: कोक (कार्बनचा थर) बसलाय. हवेत जाळून काढ, पण सावकाश, नाहीतर बेड तापून गठ्ठे अजून वाढतील.