मदत हवी आहे: स्टिअरिंग फिरवलं की जीप कुईकुई करते

जुनी फोर-बाय-फोर जीप, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), पॉवर स्टिअरिंग नाही. ताम्हिणीजवळ ओढ्यातून काढल्यापासून उभ्या गाडीतही स्टिअरिंग फिरवलं की डावीकडून कुईकुई येते. पाट्यांमधला चिखल धुतला, पाटे गाडीला जोडणाऱ्या शॅकल पिनांना गननं ग्रीस मारलं. खड्ड्यातली करकर थांबली, ही नाही.

मुलाला स्टिअरिंग फिरवायला लावून टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा) हात ठेवला, तर कंप तिथेच लागतो. त्यावरचा रबरी बूट (टोपण) फाटलाय, दाबला की तांबूस पाणी येतं. चाक उचलून हलवलं, खेळ (ढिलेपणा) नाही. जॉइंट सीलबंद आहे, ग्रीस भरायचं निप्पल नाही. मेकॅनिक सुईनं ग्रीस भरू म्हणतात. घाटात चालवायची गाडी, मला धीर होत नाही.

खेळ नसताना नवा बूट आणि ग्रीस पुरेल, की एंडच बदलावा? बदलला, तर जुन्याचे आटे मोजून नवा तितकाच बसवून चाकांच्या अलाइनमेंटसाठी २० किलोमीटर चालवत नेता येईल का?