सागवानी टेबलाची फळी उन्हाळ्यात चिरली, काय करावं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. गड्ड्याच्या (सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास घरीच सागवानाचं टेबल केलं. वरची फळी 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 1 इंच जाड, पाच पट्ट्या फेविकॉलने जोडून केलेली. लाकूड दिवाळीच्या आधी वखारीतून घेतलं होतं, वाळलेलंच आहे म्हणाले. फळी वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून, प्रत्येकी 5 स्क्रू मारून घट्ट बसवल्या. एप्रिल लागला आणि एका टोकापासून सव्वा फुटाची उभी चीर पडली, टोकाशी सूतभर (इंचाचा आठवा भाग) उघडी. शेजारचा एक जोडही थोडा सुटलाय. भुसा आणि फेविकॉल कालवून चीर भरून टाकू का?

दुसरा प्रश्न, कडुनिंबाच्या फळ्यांवर 5 नंबरचा लोखंडी रंधा मारतोय. कुठल्याही बाजूने मारला तरी लाकडाच्या रेषा (तंतू) उपटून खड्डे पडतात. धार लावून बघितली, फरक नाही. नेमकं काय बघायचं, सांगा की.

खाच_आणि_कुसू
चीर भरू नका, आधी खालच्या पट्ट्या सोडवा. दोष तिथे आहे.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. सपाट चिरलेलं (वर्षवलयांना साधारण समांतर कापलेलं) सागवान ओलावा 1 टक्का कमी झाला की रुंदीत साधारण 0.19 टक्के आकसतं. पावसाळा संपता संपता घेतलेल्या लाकडात 12-13 टक्के ओलावा असणार, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो 7-8 वर येतो. म्हणजे 5 टक्क्यांचा फरक. 2 फूट रुंदीवर हिशोब केला तर साडेपाच मिलिमीटरच्या वर जातो, जवळजवळ दोन सूत. आडव्या पट्टीची रेषा फळीच्या रेषेला काटकोनात, त्यामुळे पट्टी जागची हलत नाही. फळीला आकसायचंय आणि पट्टी सोडत नाही. मग जिथे कमजोर तिथे फाटतं. चीर टोकाकडून सुरू झाली कारण टोकाच्या उघड्या रेषेतून ओलावा सगळ्यात लवकर जातो.

फळी उलटी करून स्क्रू काढा. पट्टी पटाशीने उचकटू नका, सागवानाच्या सालपट्या निघतील. पट्टी करवतीने तासभर खपून बारीक करा आणि उरलेली रंध्याने उतरवा. किंवा गरम हवेच्या गनने सांधा तापवत, पातळ सुरी सरकवत जा. पांढरा फेविकॉल तापला की मऊ पडतो.

नव्या पट्टीला फेविकॉल अजिबात नको. मधला स्क्रू साध्या भोकात घट्ट. बाकीच्यांना 8 नंबर स्क्रूसाठी 5 मिमी रुंद आणि 12 मिमी लांब खाच, लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने. 5 मिमीची तीन भोकं शेजारी शेजारी पाडून मधलं गोल कानशीने साफ केलं की खाच तयार. डोक्याखाली वॉशर घाला. पट्टी 1 इंच असेल तर 40 मिमीचा स्क्रू, म्हणजे फळीत 15 मिमी जातो. वॉशर हाताने फिरेल इतपतच आवळा. करकचून पिळला तर खाचेचा उपयोग शून्य.

साखरपेठ_कारखाना
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. पट्ट्या सुटल्यावर दोन-तीन दिवस फळी चारही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. ताण गेला की अशा चिरा बऱ्याचदा आपोआप मिटतात. मिटली, तर फेविकॉल थोडा पाणी घालून पातळ करा, जाड दोरा चिरेत ओढत आत पोचवा आणि शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरा. हाताच्या जोराने शिकंज्यात मिटत नसेल, तर ओढाताण करू नका. त्या रेषेवर सरळ चिरून, कडा रंधून परत जोडा. एखादं सूत रुंदी जाईल, जाऊ दे.

सुटलेल्या जोडात जुना फेविकॉल असेल तर खरवडून कोरं लाकूड दिसू द्या. वाळलेल्या फेविकॉलवर नवा धरत नाही. बऱ्याच दुरुस्त्या इथेच फसतात.

भुसा भरण्याबद्दल: आत्ता लाकूड सगळ्यात आकसलेलं आहे, चीर सगळ्यात रुंद. आज भरलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात फुगल्यावर भरण दाबलं जाईल, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी चीर.

आणि दुपारी फेविकॉल लावायला घेऊ नका. 41-42 डिग्रीत पंख्याखाली पाच मिनिटांत वर साय धरते आणि सांधा बाहेरून पक्का, आतून कोरडा राहतो. पहाटे किंवा रात्री, पंखा बंद करून. आधी कोरडं लावून शिकंजे नीट बसतात का बघा, मग दोन्ही कडांना ब्रशने पातळ थर. शिकंजे 9-10 इंचांवर, एक वरून एक खालून. शिकंजे कमी असतील तर जाड प्लायवर दोन पट्ट्या पक्क्या ठोका आणि मध्ये जोडपाचरी (एकमेकींवर सरकणाऱ्या दोन उलट पाचरी) मारा, तेवढाच दाब येतो. तासाभराने सोडलं तरी 24 तास वजन नको.

जुळे_सोलापूरकर
धन्यवाद काका. फळीला वरून तीन हात पॉलिश आहे, खालून काहीच नाही. आणि टेबलाच्या एका बाजूला कूलर असतो. याचा संबंध असू शकेल का?

खाच_आणि_कुसू
चिरेशी कमी, वाकण्याशी जास्त. वरून ओलावा हळू जातो, खालून पटकन, मग फळी वाडग्यासारखी वाकते. खालीही तेवढेच तीन हात द्या, आणि दोन्ही टोकांना एक जास्त. कूलरचा झोत थेट फळीवर येऊ देऊ नका. एक टोक ओलं, एक कोरडं, असली फळी कितीही सरळ केली तरी पीळ खाते.

पुढच्या वेळी वखारीतल्या शब्दावर राहू नका. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक तुकडा कापा, किचनच्या डिजिटल काट्यावर तोला. मग 103 डिग्रीच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 115 ग्रॅमचा 100 झाला तर ओलावा 15 टक्के. आणलेल्या फळ्या खोलीतच, दीड-दीड फुटावर पाऊण इंचाच्या काठ्या घालून रचा, टोकांना रंग लावा. गच्चीवर उन्हात टाकणं ही आपल्याकडची आवडती चूक; टोकं दोन दिवसांत तडकतात, आत ओलंच राहतं.

रंधा_हवा
कडुनिंबाचं सांगतो. धार पहिली, पण गोष्ट धारेवर संपत नाही. कडुनिंबाच्या रेषा आत गुंफलेल्या असतात. एका पट्ट्यात एकीकडे, शेजारच्यात उलट. म्हणून फळी फिरवून काही होत नाही. उपाय टोपीत, म्हणजे पात्यावर स्क्रूने बसणाऱ्या लोखंडी पट्टीत आहे.

पात्यावरची टोपी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर, जमलं तर त्याहून कमी. बहुतेकांची 2 मिमीवर असते. टोपीची पुढची कड 50 अंशांच्या आसपास उभी घासा, म्हणजे छिलका उठताच मोडतो आणि रेषा पुढे उपटायला जागा मिळत नाही. टोपी पात्याला पूर्ण टेकली पाहिजे. उजेडासमोर धरून बघा, फट असेल तर छिलके आत घुसतात आणि रंधा तुंबतो. पातं इतकंच बाहेर काढा की छिलक्यातून बोट दिसेल. जाड छिलका काढायचा हट्ट कडुनिंबावर सोडा.

धार: ग्राइंडरवर 25 अंश, दगडावर 30. काच घेऊन त्यावर 400, 800, 1500 चा पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवला तरी भागतं. पाठ पहिला अर्धा इंच सपाट असली की पुरे. प्रत्येक टप्प्यात पूर्ण रुंदीला बुर (धारेवर वळणारी लोखंडाची बारीक कोर) उलटली पाहिजे, बोटाला जाणवते. कोपऱ्यात नसेल तर तिथे धार पोचलेली नाही. ग्राइंडरवर पातं निळं पडलं तर त्या भागाचं पाणी (कडकपणा) गेलं. तो भाग घासून काढावा लागतो, म्हणून हाताशी पाण्याची बादली असू द्या.

एवढं करूनही काही जागी उपटलं तर तिथे रंधा नको. स्क्रॅपर (खरवडायची पातळ पोलादी पट्टी), नाहीतर ताज्या फोडलेल्या काचेची कड (हातमोजा घालून), आणि शेवटी 120, 180 चा पेपर.

जुळे_सोलापूरकर
टोपी बघितली, 3 मिमीवर होती. टेबलाच्या पट्ट्या रविवारी काढतो. चिरून परत जोडायची वेळ आली तर कडा रंधताना सरळ कशा ठेवायच्या?

साखरपेठ_कारखाना
दोन्ही पट्ट्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून, वरच्या बाजू बाहेर, वाईसमध्ये एकत्र धरा आणि दोन्ही कडा एकदमच रंधा. रंधा थोडा तिरका गेला तरी दोन्हीकडचे कोन एकमेकांना भरून काढतात. मग एक पट्टी दुसरीवर उभी ठेवून मागे बल्ब धरा: टोकांना उजेड दिसला तर परत रंधा, मध्ये केसाएवढा दिसला तर चालेल, शिकंजा तो ओढून घेतो.