न्युरेंबर्गची रात्र : लँकेस्टरमधून एखादाच का वाचायचा?

निपाणीकर :
मंडळी, दिवाळी अंकासाठी 30-31 मार्च 1944 च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर विमानांनी जर्मनीतल्या न्युरेंबर्गवर केलेल्या हल्ल्यावर लिहितोय. 795 विमानं गेली, 95 आली नाहीत. त्यात 64 लँकेस्टर, म्हणजे चार इंजिनांची, सात माणसांची बॉम्बर विमानं. एकेका विमानाची नोंद बघितली की सातांत एखादाच वाचलेला, तोही बहुतेक पुढच्या भागातला. पॅराशूट तर सगळ्यांकडं होते की. मग अडायचं कुठं? आणि स्क्वाड्रनच्या नोंदवहीत कारण का नसतं? सांगा की ओ.

खानापूर_घाट :
विमानाचा आडवा छेद समोर ठेवा, निम्मं उत्तर तिथंच आहे. सुटायची मुख्य वाट नाकाच्या तळाला, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) पालथा पडायचा त्याच जागी. झाकण साधारण 22 बाय साडेसव्वीस इंच. जाड कपडे, तरंगायचं जाकीट आणि छातीवर अडकवलेला पॅराशूट यांसकट त्यातून निसटायचं. आधी बॉम्ब एमर, मग इंजिनिअर, नॅव्हिगेटर, वायरलेसवाला. वैमानिक शेवटी, कारण त्यानं कंट्रोल सोडला की विमान गिरकी घेतं. गिरकी लागली की अंगावर एवढा भार येतो की हात उचलत नाही, मग झाकण दोन हातांवर असून उपयोग काय?

मागच्या गनरचं तर फारच अवघड. टरेटमध्ये (बंदुकांच्या फिरत्या घुमटीत) जागा नाही म्हणून त्याचा पॅराशूट बहुधा बाहेर, विमानाच्या धडात ठेवलेला. टरेट सरळ करायचा, मागची दारं उघडायची, पॅराशूट ओढून अडकवायचा, टरेट आडवा फिरवायचा आणि पाठीवर बाहेर पडायचं. टरेटला हायड्रॉलिक दाब डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाकडून मिळायचा. तेच पेटलं तर हातानं फिरवत बसा.

निपाणीकर :
कडेला दार होतं ना ओ?

खानापूर_घाट :
होतं, उजवीकडं, शेपटीच्या थोडं पुढं. पण तिथून उडी टाकली की शेपटीच्या आडव्या पंखावर आपटायचा धोका. पुढच्यांना तिथं पोचायला पंखाच्या दोन तुळया अंधारात ओलांडाव्या लागत. दुसरं ब्रिटिश बॉम्बर हॅलिफॅक्स, त्यातून वाचणाऱ्यांचं प्रमाण लँकेस्टरपेक्षा बरंच जास्त होतं.

वडगाव_७ :
वाट अरुंद होती हे खरं, पण मुळात वेळच नव्हता. 1943 पासून जर्मन रात्र-लढाऊ विमानांत पाठीवर तिरक्या, वर रोखलेल्या तोफा बसवू लागले. नाव श्रेगे मुझीक, बहुधा 20 मिमीच्या दोन. खालून यायचं, तिथं लँकेस्टरला बघायला खिडकी नाही की बंदूक नाही, आणि नेम दोन इंजिनांमधल्या पेट्रोलच्या टाकीवर. धडावर मारायचे नाहीत, कारण वर बॉम्ब भरलेले. फुटले तर मारणाराही जायचा. ट्रेसर (उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळ्या) नसल्यामुळं शेजारच्या विमानांना गोळ्या कुठून आल्या ते दिसायचंच नाही. म्हणून परतलेले सांगायचे की शत्रू 'स्केअरक्रो' नावाचे नकली स्फोटाचे गोळे उडवतोय. असले गोळे नव्हतेच. ती फुटणारी खरीच विमानं होती. जुन्या नोंदींत हा शब्द भेटला तर लेखात तसाच उतरवू नका.

न्युरेंबर्गला चांदणंही होतं आणि विमानांमागं वाफेच्या रेघा उठत होत्या. आयतं सापडले.

कॅम्प_वाचक :
नोंदवहीबद्दल. त्यात उड्डाणाची वेळ, सातांची नावं आणि पुढं 'परत आलं नाही'. लिहिणारा तळावर, त्याला कारण कळणार कुठून? कारण हवं तर जर्मन वैमानिकांच्या दाव्यांच्या याद्या लावून बघा, पण वेळ जुळवताना सांभाळा : नॅव्हिगेटरची लॉगवही ग्रीनिच वेळेत, जर्मन नोंद त्यांच्या वेळेत.

नावं शोधायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजची (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाची) साइट. आपल्याकडचे लोक मराठा लाईट इन्फंट्रीतल्या आज्या-पणज्यांची नावं इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर शोधतात, तीच. वायुदलातल्या ज्यांची कबर नाही अशा 20 हजारांवर नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर आहेत. मृत्यूची तारीख 30 किंवा 31, कुठलीही पडलेली असू शकते. म्हणून शोधताना दोन्ही टाका, नाहीतर एकाच विमानातले दोघं-तिघं निसटतील.