आरोग्य हक्काच्या कायद्यासाठी आमदारांना भेटायचंय. विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी?

सावली_अमरावती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. समाजकार्य आणि नर्सिंगचे मिळून वीसेक विद्यार्थी आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी अमरावती जिल्ह्यातल्या आठही आमदारांना ते भेटणार आहेत. मागणी एकच: सर्वांना मोफत आणि दर्जेदार उपचार मिळणं हा कायद्याने हक्क व्हावा. हाताशी आठ-नऊ आठवडे आहेत.

मुलांचा अभ्यास चांगला आहे. भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीपासून (१९४६) ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हणणाऱ्या अल्मा-आटा जाहीरनाम्यापर्यंत (१९७८) सगळं सांगतात. पण अशा भेटींचं नेहमी तेच होतं. निवेदन दिलं जातं, फोटो निघतो, साहेब ‘नक्की बघतो’ म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. भेटीत नेमकं काय मागावं? ‘महात्मा फुले योजना आहे की’ असं उत्तर आलं तर काय म्हणावं? आणि सराव कसा घ्यावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गॅलरी_पास

सावलीताई, ‘कायदा करा’ ही मागणी एकट्या आमदाराच्या हातातली नसते, म्हणूनच तिला ‘बघतो’ हे उत्तर मिळतं. मोठी मागणी निवेदनाच्या पहिल्या ओळीत ठेवा. तिच्याखाली मात्र त्या आमदाराला या अधिवेशनात स्वतः करता येईल असं एकच काम मागा. त्यासाठी सभागृहातली आयुधं मुलांना तोंडपाठ हवीत.

तारांकित प्रश्नाला मंत्र्यांचं सभागृहात उत्तर आणि वर उपप्रश्न. मात्र तो देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपते. बहुतेक गट इथेच चुकतात, अधिवेशनाच्या तोंडावर प्रश्न घेऊन जातात. तुमची पहिली फेरी म्हणजे पीएला भेटून मुदतीची तारीख विचारणं. मुदत हुकली तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना (विधानसभेत नियम १०५), ती अधिवेशन चालू असताना देता येते. व्यापक चर्चेसाठी विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६०. अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले ठराव आणि विधेयकं शुक्रवारच्या कामकाजात येतात.

आरोग्य हक्काचं अशासकीय विधेयक मागणार असाल तर राज्यघटनेचं कलम २०७(३) मुलांना समजावून सांगा. ज्या विधेयकामुळे राज्याच्या संचित निधीतून (म्हणजे मुख्य तिजोरीतून) खर्च होणार, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही. उपचाराचा हक्क म्हटलं की खर्च आलाच. म्हणजे शेवटी विधेयक सरकारनेच आणायला हवं. तरीही अशासकीय विधेयक वाया जात नाही. त्यावर चर्चा झाली तर मंत्र्यांना भूमिका मांडावी लागते आणि ती कामकाजात कायमची नोंदली जाते.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून न्या, आणि विधिमंडळाच्याच साच्यात. साधारण असा:

“(१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मंजूर २ पदांपैकी १ पद रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर पद कधीपासून रिक्त आहे, (३) असल्यास, ते भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

या साच्यात ‘का’ शेवटी येतो आणि मत कुठेच येत नाही. ‘शासनाचे अक्षम्य दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय’ असं लिहिलंत तर तो प्रश्न छाननीतच अडकेल. मसुदा पीएला व्हॉट्सॲपवर युनिकोड मराठीत पाठवा. पीडीएफ पाठवला तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत ते होत नाही.

आकडेमोड

वरच्या मसुद्यातली ‘अमुक’ची जागा भरणं हेच खरं काम. आठ मतदारसंघ म्हणजे आठ वेगळी पानं हवीत. दर्यापूरच्या आमदारांपुढे मेळघाटचं कुपोषण मांडलं तर ते हळहळतील, पण प्रश्न त्यांचा होणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि चारच गोष्टी मागा: प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदं, गेल्या बारा महिन्यांतली बाह्यरुग्ण संख्या, ठरावीक दहा औषधांचे महिनाअखेरचे साठे, रुग्णवाहिकांची संख्या व त्यांतल्या चालू किती. ‘औषधांची स्थिती कळवा’ असं मोघम मागाल तर उत्तरही मोघम येतं. औषधांची नावं द्या: मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन, लोहाच्या गोळ्या, सर्पदंशावरचं प्रतिविष, रेबीजची लस. हा साठा ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणकीय प्रणालीत नोंदलेला असतो, तेव्हा ‘माहिती संकलित नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

ग्रामीण रुग्णालयं आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा परिषदेकडे नसतात, ती जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. त्यांना वेगळा अर्ज करा. महापालिकेचे दवाखाने आणखी वेगळे.

लोकसंख्येचे निकष पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. उपकेंद्र ५,००० लोकसंख्येमागे, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० मागे, आदिवासी भागात २०,००० मागे. आपल्या तालुक्याची लोकसंख्या भागून किती केंद्रं हवीत ते मुलांनी स्वतः काढावं. मात्र लोकसंख्या कोणत्या जनगणनेची ते सांगायला हवं. २०११ चा आकडा आजचा म्हणून सांगितला आणि समोरच्याच्या ते लक्षात आलं, की बाकीचे खरे आकडेही संशयात जातात.

पैशांबद्दल: राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करायचं आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. राज्याचा आकडा पाहताना मुलं अर्थसंकल्पीय अंदाज उचलतात. शेजारचे सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च हे रकानेही वाचायला शिकवा. अर्थसंकल्पात आरोग्याचं मुख्य लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २२१० हे पगार-औषधांसारख्या महसुली खर्चाचं, ४२१० हे इमारतींसारख्या भांडवली खर्चाचं. तरतूद केली आणि खर्चच झाली नाही, हा मुद्दा सत्ताधारी आमदारालाही मांडायला अडचणीचा नसतो. निधी आपल्या मतदारसंघात का आला नाही, हे त्यालाही विचारायचंच असतं.

ओपीडी_नंबर_५

थोडक्यात लिहितो. एका आमदाराकडे चारच जण जा. एक बोलेल, एक स्थानिक आकडे सांगेल, एक लिहून घेईल. चौथा/चौथी त्याच मतदारसंघातली मतदार असलीच पाहिजे आणि ओळख करून देताना गावाचं नाव आधी आलं पाहिजे.

रुग्णाची फाइल, केसपेपरचा फोटो, वॉर्डातल्या बाळाचा फोटो न्यायचा नाही. ज्यांची क्लिनिकल पोस्टिंग सरकारी रुग्णालयात आहे त्यांनी तिथे दिसलेली एखादी केस ओळखू येईल अशी सांगायची नाही. रुग्णाची गोपनीयता जाते आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरला त्याचा जाब द्यावा लागतो. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय निघायचं नाही.

हक्क_की_योजना

‘फुले योजना आहे की’ हे उत्तर आठपैकी आठ ठिकाणी येणार, असं धरूनच चाला. त्यावर मुलं योजनेलाच नावं ठेवू लागतात. ते करू नये. योजनेने कर्करोगाची, हृदयाची, किडनीची किती माणसं वाचली हे आमदारांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यांचं कार्यालय रोज अशी पत्रं देत असतं. आधी योजना नीट सांगा: २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष दीड लाखांवरून पाच लाख झालं, तेही पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्यांना.

मग पुढचं वाक्य: ‘ही योजना यादीतल्या उपचारांसाठी, मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाची आहे. साखरेची रोजची गोळी, तापाची तपासणी, बीपीचं औषध यांचा खर्च घरातूनच होतो. ती गोळी वेळेवर मिळाली तर किडनीच्या उपचारासाठी योजनेत यायची वेळ कमी जणांवर येईल.’ यावर वाद घालणारा आमदार विरळा.

दुसरं उत्तर येईल, ‘सरकारी दवाखान्यात सगळं फुकटच आहे.’ अर्धं खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाकडची महाविद्यालयीन रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. रुग्णाला हे दोन विभाग वेगळे आहेत हे माहीत नसतं, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांनाही. जिथे जिल्हा रुग्णालय नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलंय तिथे आज काउंटरवर कशाचे किती पैसे घेतात ते जाऊन पाहा, पावतीचे दर लिहून घ्या, मगच बोला. शासन निर्णयाने दिलेलं दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येतं. कायद्याने दिलेलं काढायला सभागृहात यावं लागतं. हक्क आणि योजना यांतला फरक मुलांनी याच शब्दांत सांगावा.

तिसरं, ‘मी आमदार निधीतून रुग्णवाहिका दिली.’ आभार माना, मनापासून माना. आणि लगेच विचारा की तिच्या चालकाचं आणि डिझेलचं काय. वर्षाला पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून वस्तू आणि बांधकामं होतात, डॉक्टरांचा पगार होत नाही.

चौथा प्रश्न राजस्थानचा. तिथे आरोग्य हक्क विधेयक २१ मार्च २०२३ रोजी विधानसभेत मंजूर झालं आणि खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. आक्षेप मुख्यतः तातडीच्या उपचारांवर होता: पैसे न घेता उपचार करायचे, सरकार भरपाई देणार, पण किती, कधी आणि कोण देणार? ४ एप्रिलला समझोता झाला, त्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं वगळायचं ठरलं. आपल्या निवेदनात म्हणूनच दोन ओळी हव्यात: तातडीच्या उपचाराची व्याख्या कायद्यातच असावी, आणि भरपाई ठरलेल्या दराने व ठरलेल्या दिवसांत मिळावी. डॉक्टरांच्या विरोधातला कायदा अशी त्याची प्रतिमा झाली तर मागणी बुडते. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी दरफलक आणि रुग्ण हक्कांची सनद लावण्याचं बंधन शुश्रूषागृह नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने आधीच घातलंय. ते पाळलं जातं का, एवढा आढावा घ्यायला लावणं हे आमदाराला सहज जमण्यासारखं काम आहे.

सरावाचं: आमदारांची खुर्ची, समोर दहा माणसं, मध्येच फोन, मध्येच कार्यकर्ता लग्नपत्रिका घेऊन येतो. असंच मांडा. मुलांना बसू देऊ नका, बहुतेक ठिकाणी उभ्यानेच बोलावं लागतं. पहिल्या ९० सेकंदांत गाव, एक आकडा आणि एक मागणी आलीच पाहिजे. नंतर वेळ दिलाच तर सात मिनिटं. आमदाराच्या भूमिकेत शिक्षक नकोत, मुलं त्यांना बिचकतात. माजी सरपंच किंवा पंचायत समितीचे सदस्य बोलवा, ते खरे प्रश्न विचारतात. प्रत्येक गटाचा सराव तीनदा घ्या, दर वेळी बोलणारा बदला, कारण ऐनवेळी एक जण आजारी पडतोच. उत्तर माहीत नसेल तर ‘शुक्रवारपर्यंत लेखी कळवतो’ म्हणायचं आणि शुक्रवारी खरंच कळवायचं.

सावली_अमरावती

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! दोन शंका. एखादे आमदार मंत्री असतील तर काय मागायचं? आणि विधान परिषदेच्या सदस्यांकडे जावं का?

गॅलरी_पास

मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, लक्षवेधीही देत नाहीत. त्यांच्याकडे बैठक मागा: आरोग्य सेवेचे उपसंचालक, जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तुमचे दोन प्रतिनिधी, विषय एकच, आणि इतिवृत्त लेखी. इतिवृत्तात ‘कार्यवाही कोणी, कधीपर्यंत’ हा रकाना असेल असं तिथेच ठरवून घ्या.

परिषदेकडे जरूर जा. अमरावती विभागाला पदवीधर आणि शिक्षक असे दोन्ही मतदारसंघ आहेत. पदवी होऊन तीन वर्षं झालेले तुमचे माजी विद्यार्थी पदवीधरचे मतदार होऊ शकतात. पण नाव नोंदवावं लागतं आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नोंदणी झालेले दोघे-तिघे सोबत न्या.

नागपुरात भेटायचं तर सकाळी, कामकाजाला निघण्याआधी, आमदार निवासात. विधान भवन परिसरात पासाशिवाय प्रवेश नाही आणि गॅलरीचा पास सदस्याच्या शिफारशीवर मिळतो, तेव्हा तो मतदारसंघातल्या भेटीतच मागून ठेवा.

आकडेमोड

एक राहिलं. लिहून घेणाऱ्याने त्याच संध्याकाळी चार रकाने भरावेत: आमदार काय म्हणाले (त्यांच्याच शब्दांत), काय कबूल केलं, पीएचं नाव, पुढचा फोन कधी. प्रश्न दिला असं सांगितलं तर तो कामकाजाच्या छापील यादीत शोधा, उत्तर आलं की प्रत घ्या. ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलं तर माहिती अधिकारातला कागद शेजारी ठेवून पुन्हा त्याच आमदारांकडे जा. अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्याच्या मागण्यांवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा असं सुचवून त्या विषयावर चर्चा घडवणारी सूचना) देता येते, तिचा मसुदा त्याच कागदावरून करा.