लिव्हिंग्स्टनचं १८५७चं पुस्तक: पहिली छपाई आहे हे कसं ओळखायचं?

जुनी_पानं:
आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या 'मिशनरी ट्रॅव्हल्स अँड रिसर्चेस इन साउथ आफ्रिका'ची (जॉन मरे, लंडन) एक प्रत पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे आली आहे. तपकिरी कापडी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, कणा वरून अर्धा इंच फाटलेला. शीर्षकपानावर १८५७ आहे, म्हणून विक्रेता तिला 'पहिली आवृत्ती, पूर्ण' म्हणतो. पैसे देण्याआधी नेमकं काय काय तपासू? चित्रांचे दोन प्रकार असतात असंही ऐकलंय, ती काय भानगड आहे?

घडीचा_नकाशा:
नुसत्या १८५७ वरून काही ठरत नाही. पुस्तक १० नोव्हेंबर १८५७ला आलं. मरेने १२,००० प्रती छापल्या होत्या, तरी मागणी त्याहून जास्त निघाली. मग पुढच्या छपायाही त्याच सालाच्या झाल्या. शीर्षकपानावर 'ट्वेंटिएथ थाउझंड' (विसावं हजार) किंवा तशी काही ओळ असेल, तर ती नंतरची छपाई. ओळ नसेल तरच पुढे बघायचं. आणि १२,००० प्रतींचं पुस्तक दुर्मीळ नसतं, हे भाव करताना विसरू नका. दुर्मीळ असते ती मूळ कापडातली, सगळे नकाशे जागेवर असलेली प्रत.

आता पडताळणी. मजकूर ६८७ पानांचा. त्यानंतर प्रकाशकाच्या जाहिरातीची ८ पानं, त्यांवर १ नोव्हेंबर १८५७ ही तारीख. नंतर चामड्यात बांधलेल्या प्रतींत ही पानं बहुधा बांधणाऱ्याने काढून टाकलेली असतात. चित्रांत घडीचं मुखचित्र (व्हिक्टोरिया धबधबा), लिव्हिंग्स्टनचं पोलादी ठशाचं व्यक्तिचित्र, जमिनीच्या छेदाची एक घडीची आकृती आणि पूर्ण पानाची २२ चित्रं. मजकुरातच छापलेली छोटी चित्रं या मोजणीत धरू नका. नकाशे दोन, दोन्ही नकाशाकार अ‍ॅरोस्मिथचे आणि घडीचे. त्यातला एक मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात असतो, आणि हरवतो तो नेमका तोच.

चित्रांची भानगड अशी: काही प्रतींत मुखचित्र आणि पान ६६ व २२५ समोरची चित्रं वेस्टने केलेले रंगछटेचे लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) आहेत, बाकीच्यांत त्याच जागी व्हिंपरची लाकडी ठशाची चित्रं. दहापट भिंग लावा. लिथोग्राफमध्ये खडूने घासल्यासारखा दाणा दिसतो आणि सगळ्या चित्राखाली फिकट बदामी छटा सपाट पसरलेली असते. लाकडी ठशात छटा नसते, काळ्यातून कोरून काढलेल्या स्वच्छ पांढऱ्या रेघा दिसतात. लिथोग्राफवाली प्रत आधीची मानतात, विक्रेते त्याचे जादा पैसे लावतात. थोडे द्यावेत. दुप्पट देण्याइतका फरक मला तरी यात दिसत नाही.

खळ_आणि_सुई:
वर एक भर. चित्र मूळचं आहे की दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलंय, तेही बघा. दीडशे वर्षं समोरासमोर दाबून राहिलेल्या चित्राची पुसट सावली समोरच्या पानावर उमटते. चित्र आहे पण सावली नाही, किंवा सावली भलत्याच आकाराची आहे, तर संशय घ्यायचा. चित्राची उंची बाकीच्या पानांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी भरली तरीही. नकाशाची नक्कल भिंगाखाली लगेच कळते: रेघ सलग न दिसता ठिपक्यांची दिसते.

पुस्तक उघडताना पुठ्ठा पूर्ण मागे पाडू नका. नव्वद अंशांवर धरून बिजागरीत डोकवा आणि जुज (एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे) सैल झालेत का ते बघा. फाटलेला कणा दुरुस्त होतो. जुज सुटले असतील तर पुन्हा शिवण, आणि तो खर्च वेगळा.

जुनी_पानं:
धन्यवाद दोघांनाही. आज बघून आलो. 'थाउझंड'ची ओळ नाही. पान ६६ समोर बदामी छटा आणि दाणा स्पष्ट दिसतो. पण मागचा खिसा रिकामा आहे. दुसरा नकाशा घडीवर फाटलाय आणि मागून सेलोटेप लावलाय. आत एका वाचनालयाचा शिक्काही आहे.

खळ_आणि_सुई:
सेलोटेप ओढू नका, कागदाचा थर सोबत निघतो. ते काम कागद-संवर्धकाचं. टेप नसलेली साधी चीर असेल तर घरी जमतं. गव्हाचा स्टार्च (कणीक नव्हे, ग्लुटेन काढलेला) एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत शिजवायचं, गार झाल्यावर गाळून ताकाइतकं पातळ करायचं. पातळ जपानी कागदाची पट्टी कापायची नाही, ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायची, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात. नकाशाच्या मागून लावा, टिपकागद आणि वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. फेव्हिकॉल कडक होतो, नंतर निघत नाही आणि घडी पुढच्या वेळी त्याच्या कडेला तुटते. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका.

कसर दिसली तर प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं. पावसाळ्यात मात्र पुस्तक हवाबंद पिशवीत ठेवू नये, आतल्या दमटपणाने बुरशी येते.

घडीचा_नकाशा:
शिक्क्याचं आधी बघा. 'रद्द' किंवा तसा दुसरा शिक्का नसेल आणि ते वाचनालय चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुस्तक चोरीचं निघू शकतं.

खिशातला नकाशा नसेल तर प्रत अपूर्ण, आणि 'पूर्ण'चा भाव द्यायचा नाही. सुटा नकाशा मिळतो, पण तो जोडलेली प्रत विकताना तसं लिहावं लागतं. भाव ठरवताना संकेतस्थळांवर मागितलेल्या किमती बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा, त्याही दोन्ही नकाशे असलेल्या आणि नसलेल्या प्रतींच्या वेगवेगळ्या.

अपूर्ण प्रतीत पैसे अडकवण्यापेक्षा लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या रोजनिशा, 'द लास्ट जर्नल्स' (मरे, १८७४, दोन खंड) शोधा, असं माझं मत. त्याच्या १८६६च्या मोहिमेत मुंबईहून आलेले तेरा शिपाई आणि नाशिकच्या मिशन शाळेतली नऊ मुलं होती, त्यांच्या नोंदी त्यात आहेत. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूवेळी हजर असलेला जेकब वेनराइटही नाशिकच्याच शाळेतला, तो १८७२च्या मदत-तुकडीबरोबर गेला होता. या पुस्तकातही मोठा नकाशा खिशातच असतो, तेव्हा पहिला हात तिथे घाला.