‘फ्री’ पण स्वतंत्र, ‘इंडिपेंडंट’ पण स्वतंत्र?

अडलेला_अनुवादक (सांगली): ३ मे च्या वर्ल्ड प्रेस फ्रीडम डे साठी विंडहोकच्या जाहीरनाम्यावर टिपण करतोय. नामिबिया १९९० ला स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ३ मे ला आफ्रिकेतल्या पत्रकारांनी तिथल्या राजधानीत, विंडहोकला, हा जाहीरनामा काढला, म्हणून तर हा दिवस. लोकशाही टिकायला इंडिपेंडंट, प्लुरलिस्टिक आणि फ्री प्रेस पाहिजे असं त्यात आहे. मधल्याला ‘बहुविध’ लावलं, पण "स्वतंत्र, बहुविध आणि स्वतंत्र" कसं लिहू?

कंदीपेढा: मुक्त लिहा की.

वारणाकाठ: मुक्तच्या आधी मराठीत नको असलेली गोष्ट येते, तंटामुक्त, हागणदारीमुक्त. वृत्तपत्रमुक्त देश तर कितीतरी सरकारांना हवाच असतो.

कंदीपेढा: मग मुक्त विद्यापीठाचं काय?

भडंग: आम्ही म्हशींना मुक्त गोठा केलाय. दावं न्हाई, कुठंबी बसतात, पण कुंपण हाय आणि वैरण मी टाकीन तेव्हाच. म्हशी मुक्त झाल्या, स्वतंत्र न्हाई झाल्या. पेपरचं तेच, छापायला कोण अडवत न्हाई पण जाहिराती कुणाच्या?

अडलेला_अनुवादक: भारी! जाहीरनाम्यात इंडिपेंडंटचा अर्थ तोच दिलाय, सरकारी, राजकीय, आर्थिक ताबा नको आणि छपाईच्या सामानावरही नको.

जुना_जुळारी (सातारा): आपला जुना शब्द मुद्रणस्वातंत्र्य. इंग्रजांचा १८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस कायदा फक्त देशी भाषेतल्या पत्रांना होता, म्हणून बंगालची अमृत बझार पत्रिका एकदम इंग्रजीच झाली. आणि सामानाचं म्हणाल तर आणीबाणीत मी छापखान्यात खिळे जुळवायचो, एकजण हँडबिल घेऊन आला तर मालक म्हणाले कागद संपलाय, आणि मागं चार रिमं पडलेली, त्यावर नंतर लग्नपत्रिका छापल्या. तो छापखाना मुक्त का स्वतंत्र, सांगा.

कंदीपेढा: काका, मोबाईलवर कसलं मुद्रण? सरळ प्रेस म्हणा, राजवाड्यावर निम्म्या गाड्यांवर तेच लिहिलेलं असतं.

जुना_जुळारी: लोक म्हणतात म्हणून बरोबर? बेचाळीसच्या प्रतिसरकारचं असंच तोंडातोंडी पत्री सरकार झालं.

भडंग: चूक. फितुरांच्या पायाला लोखंडी पत्री ठोकायचे म्हणून पत्री. आजोबा सांगायचे.

जुना_जुळारी: ठोकलेला पाय आजोबांनी बघितला होता का?

भडंग: नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आमच्या सांगलीत हाय, आमाला काय शिकवता.

कंदीपेढा: तेव्हा वाळवा तालुका साताऱ्यातच होता राव!

अडलेला_अनुवादक: मंडळी, टिपण उद्या द्यायचंय. तूर्त इंडिपेंडंटला ‘स्वायत्त’ लिहिलंय.

वारणाकाठ: स्वायत्त? पेपर आहे का कॉलेज?